भट्टीच्या तोंडी दिलेले दार

एकदा पेटलेली भट्टी दार पडेपर्यंत विझवायची नाही, हा नियम खुद्द दारवाल्या साहेबांनीच केलेला होता. इमारतींच्या सामानाची पारख करणाऱ्या त्या सरकारी संस्थेत कोणी विटा फोडत, कोणी सळया वाकवत. साहेब दारे जाळत. भट्टीच्या तोंडावर दार बसवायचे, आतून आग लावायची आणि ते कधी हार मानते हे बाहेर उभे राहून बघायचे. आज पाळी त्यांनी स्वतः शोधून काढलेल्या दाराची होती. भुसा दाबून केलेले हे दार तासभर टिकले, तर सरकारी दवाखान्यांना तेच लागणार होते. या भुशापायी साहेबांनी कित्येक वर्षे घालवली होती; घरी भाजी आणायला विसरण्याचे कारणही तेच असे.

तास उलटला. दार हूं की चूं करेना.

"कमाल आहे बुवा तुमची!" संचालक म्हणाले. "भुसा आहे की पोलाद?"

साहेब नवरदेवासारखे लाजले. तेवढ्यात बायकोचा फोन आला.

"अहो, सुतार नवीन दार बसवून गेला. पण मला नाही बाई पटत. केवढं हलकं! मी त्याला भरीव सागवानाचं सांगितलं होतं."

"भरीव? आपलं तर पोकळ ठरलं होतं ना?"

"ते तुमचं ठरलं होतं."

साहेबांना दरदरून घाम फुटला, आणि तो भट्टीचा नव्हता. सकाळी एकाच सुताराच्या टेम्पोतून दोन दारे आली होती. माप एकच, दोन्हींवर रंगाआधीचे पांढरे अस्तर. "कुठलं कुठं टाकू?" असे ड्रायव्हरने विचारले, तेव्हा साहेबांनी दोन्हींचा एकेक कोपरा उचलून पाहिला आणि जाणकाराच्या थाटात निकाल दिला, "जड ते भट्टीला, हलकं ते घरी." भुशाचे दार घरच्या पोकळ दाराहून जडच असणार, हे शास्त्र होते. शास्त्राला बायकोने सुताराच्या कानात काय सांगितले ते ठाऊक नव्हते.

"बंद करा!" साहेब किंचाळले. "भट्टी बंद करा!"

भट्टीवाला आ वासून बघत राहिला. "साहेब, नियम तुमचाच आहे."

"अरे, माझं दार आहे ते!"

"हो की. म्हणून तर सगळे बघायला आलेत."

"मन घट्ट करा," संचालकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "पास झालंय तुमचं दार. उद्याच दवाखान्यांना कळवतो."

साहेबांना क्षणभर वाटले, गप्प बसावे. इथे पास झालेले दार, घरी बसलेले दार, कोण विचारतो? मग त्यांना खाटेवरून उठू न शकणारा पेशंट दिसला, त्याच्या खोलीबाहेर आग दिसली, आणि मधे भुसा दिसला.

"सर, हा भुसा नाही. सागवान आहे. आमच्या घराचं दार आहे हे."

संचालकांचा हात खांद्यावरच गोठला. "मग आपलं कुठंय?"

"आमच्या घरी. बसवलंय."

"काढून आणा! सोमवारी ते जाळू."

साहेब घरी पोचले, तेव्हा बायको दाराची कडी लावून-काढून बघत होती. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच सगळे सांगून टाकले.

"म्हणजे माझं दार जाळून आलात," ती सावकाश म्हणाली, "आणि आता हे जाळायला न्यायचंय?"

"हो."

"माझं कधी पडलं?"

"मी निघालो तेव्हा उभंच होतं."

तिने दाराची कडी खाडकन सरकवली. साहेबांनी आयुष्यभर आगीचा आवाज ऐकला होता. हा त्याहून भयंकर वाटला.

संध्याकाळी भुशाचे दार टेम्पोत चढले. नवे सागवानी दार दोन आठवड्यांनी मिळेल, असे सुताराने सांगितले. शेजारच्या काकू जिन्यातून वर येताना थबकल्या. उघड्या चौकटीत, बरोबर मधोमध, मांडीवर काठी घेऊन साहेब खुर्चीत बसले होते.

"अगं, हे असे दारात का बसलेत?"

"दारात नाही, काकू, दाराच्या जागी," आतून बायको म्हणाली. "बघते किती टिकतात."