तोंडातला खडू

मास्तरांनी ठरवलं ते एवढंच, की रविवारी सकाळी एक तास तोंड बंद ठेवायचं. त्यात काय अवघड, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही मास्तरांना ओळखत नाही.

मास्तर म्हणजे शिंपी. हाताची शिलाई सरळ, जीभ तेवढी तिरकी. त्यांची तेरा वर्षांची लेक फुटबॉल खेळायची आणि मैदानात अशी गरगर फिरायची की सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. ती आत उतरली, की रेषेबाहेर मास्तर सुरू. "डावीकडे! अगं डावीकडे! मार! आत्ता नको! पास दे!" स्वतः मास्तरांनी जन्मात चेंडूला पाय लावला नव्हता (एकदा लावला होता, चप्पल गोलात गेली आणि चेंडू जागेवर राहिला). पण सल्ला द्यायला अनुभव कशाला लागतो?

मागच्या रविवारी मात्र अति झालं. पंच होती एक विशीतली मुलगी. तिने भिंगरीचा फाऊल धरला आणि मास्तर गरजले, "बाई, ते डोळे आहेत की नुसती काजं पाडून ठेवलीत?" सगळे पालक हसले. पंचबाई हसल्या नाहीत. सामना संपल्यावर त्या शिट्टी मुठीत धरून कोपऱ्यात रडत होत्या. या हंगामात आधीचे तीन पंच असल्याच बोलण्यांना कंटाळून गेले होते. चौथा पंच गेला तर सामनेच बंद पडायचे. म्हणून क्लबने फळ्यावर नियम लावला: पालकाने बाहेरून ओरडल्यास त्याची मुलगी पाच मिनिटं बाहेर बसेल. हातवारेही चालणार नाहीत.

"हा अन्याय आहे," मास्तर घरी येऊन म्हणाले. "कुणा एका गाढवापायी सगळ्यांना शिक्षा!"

भिंगरीने पायातले बूट काढले आणि कापडाच्या टेबलावर, थेट कात्रीशेजारी ठेवले.

"बाबा, आता परत ओरडलात ना, तर मी खेळणं सोडणार."

"अगं, मी तुझ्या भल्यासाठीच..."

"आमच्या तीन जणींनी सोडलं. एकीचे बाबा जेवताना ताटात बटाटे मांडून तिच्या चुका दाखवायचे. तिला आता चेंडू नको आणि बटाटाही नको. मला नाही तसं व्हायचं."

मास्तरांनी ते बूट कात्रीपासून दूर सरकवले. ही पोरगी पूर्वी कुणाशी धड बोलायची नाही, शाळेतून आली की कोपऱ्यात बसायची. फुटबॉल सुरू झाला आणि घरात तिचं हसू ऐकू यायला लागलं. ते हसू आपल्याच जिभेमुळे जायचं? छे, छे! मास्तरांनी कानाला खडा लावला.

"पण गप्प राहायचं कसं?" त्यांनी बायकोला विचारलं.

बायको बटणं लावत होती. मान वर न करता म्हणाली, "दिवसभरात तुम्ही गप्प असता कधी? तोंडात टाचण्या असतात तेव्हा."

अगदी खरं. तोंडात टाचण्या धरल्या, की मास्तरांकडे दोनच शब्द उरायचे, 'हं' आणि 'अंहं'. हुशार गिऱ्हाइकं शिलाई कमी करून घ्यायला तीच वेळ गाठायची.

"मग टाचण्या नेतो."

"आणि गोल झाला नि गिळलात तर? सामना बघायचा की तुमचं ऑपरेशन? खडू न्या, कापडावर खुणा करायचा. गिळलात तरी मरणार नाही."

रविवारी निघताना मास्तर म्हणाले, "मागच्या गल्लीतून चला, जवळ पडतं." मायलेकी मोठ्या रस्त्याने गेल्या. मास्तर गल्लीतून गेले, तिथे पाइपलाइनसाठी खणलेलं होतं, आणि ते गुडघ्यापर्यंत चिखल घेऊन दहा मिनिटं उशिरा पोचले.

मैदानाच्या मधोमध त्याच पंचबाई. मास्तरांनी नजर चुकवली, हात खिशात कोंबले आणि तोंडात खडू धरला. शेजारी औषधवाले उभे होते. त्यांची मुलगी आपल्या टीमची गोलकीपर.

पहिली पंधरा मिनिटं बरी गेली. पण त्या दिवशी भिंगरीचं काही चालेना. समोरची चार नंबरची मुलगी तिला गोंदासारखी चिकटली होती. मास्तरांच्या घशात 'डावीकडे' येऊन बसलं. त्यांनी दात आवळले. कडाक! खडूचे दोन तुकडे झाले. मग चार. मग भुगा. भुगा लाळेत कालवला गेला आणि ओठांच्या कडांनी पांढरा ओघळ हनुवटीवर उतरला.

"अहो, फेस!" औषधवाले किंचाळले. "यांच्या तोंडाला फेस आलाय! धावा!"

शिट्टी वाजली. पंचबाई पळत आल्या.

"काका, काय होतंय? छातीत दुखतंय?"

"अंहं."

"चक्कर येतेय?"

"अंहं."

"बोलता येत नाहीये?"

मास्तरांनी फळ्यावरचा नियम आठवला, बाकावर बसवलेली भिंगरी डोळ्यांसमोर आणली आणि म्हणाले, "हं."

"वाचा गेली!" औषधवाले ओरडले. "आडवं करा यांना!"

चौघांनी मास्तरांना उचलून गवतावर निजवलं. एकाने कॉलर सैल केली (मास्तरांनी स्वतः शिवलेली; पहिलं बटण तुटलं), दुसऱ्याने तोंडावर बाटलीभर पाणी ओतलं, त्याने चुना झाला. शेवटी मास्तरांनी खिशातून दुसरा खडू काढला आणि आपल्या काळ्या पॅन्टच्या मांडीवर लिहिलं, 'बरा आहे. खडू खाल्ला.'

पंचबाई वाकून वाचत होत्या. एवढ्या जवळ आल्याच आहेत, मांडीही अजून शिल्लक आहे, म्हणून मास्तरांनी खाली आणखी एक ओळ लिहिली. 'त्या दिवशी फार वाईट बोललो. चुकलो.'

पंचबाईंनी तीही वाचली. मग हसू दाबत म्हणाल्या, "असू दे, काका. लिहायला नियमात बंदी नाहीये." आणि उठून औषधवाल्यांकडे वळल्या. "तुम्ही मात्र दोनदा ओरडलात. तुमची मुलगी पाच मिनिटं बाहेर."

"अहो, मी माणूस वाचवत होतो!"

"तीनदा."

गोलकीपर बाहेर गेली. तिच्या जागी जी उभी राहिली तिला चेंडूची भीती वाटायची. तिसऱ्या मिनिटाला गोल झाला, आणि त्याच एका गोलाने टीम हरली. औषधवाले मास्तरांशी काही बोलले नाहीत. (त्यांनी तोंडात रुमाल कोंबला होता.)

सामना संपला तशी ती चार नंबरची मुलगी उड्या मारत आली.

"काका, थँक्यू हं!"

"मी काय केलं?" मास्तरांनी इतक्या वेळाने तोंड उघडलं आणि भुगा उडाला.

"दर वेळी तुम्ही 'डावीकडे' ओरडता, म्हणून मी डावीकडे पळते, आणि ही नेमकी उजवीकडून निसटते. आज तुम्ही काही सांगितलंच नाही. मग मी हिच्या पायांकडे बघून खेळले!"

मास्तर लेकीकडे वळले. "मी डावीकडे सांगतो आणि तू उजवीकडून जातेस?"

भिंगरी बुटाने गवत उकरत म्हणाली, "तुम्ही सांगाल त्याच्या उलट केलं की गोल होतो, बाबा."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

मास्तर बोटांवर दोन वर्षांतले गोल मोजायला लागले. तेवढ्यात तिने त्यांचा खडूने माखलेला हात धरला. "पण आज हरलो तरी मजा आली. आज कुणाकडे बघायची लाज नाही वाटली. पुढच्या रविवारी पण या हं, खडू घेऊन." मास्तरांचे डोळे भरून आले. पोरगी खेळणार होती, बाकी सगळं गेलं खड्ड्यात.

परतताना मात्र त्यांच्यातला मास्तर जागा झाला. ते बायकोला म्हणाले, "ऐकलंस? दोन वर्षं माझ्या उलट वागतेय ही! तुला पत्ता तरी होता का?"

"असणारच. मीच शिकवलं तिला," बायको म्हणाली. "आपला संसार सतरा वर्षं उगाच सुरळीत चालला का?"

गल्लीचं तोंड आलं. मास्तर ताडताड पुढे निघाले आणि दहा पावलांवर त्यांच्या लक्षात आलं, की मागे कुणीच नाही. मायलेकी वळणावर उभ्या राहून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय झालं? थांबलात का?"

"कुठल्या रस्त्याने जायचं ते बोला ना," बायको म्हणाली. "तुम्ही सांगितल्याशिवाय आम्हाला कळणार कसं?"