एकोणतीस सत्ते

माइक तपासताना सगळे डीजे 'हॅलो, हॅलो' म्हणतात. आमची वैशाली एकोणतीसचा पाढा म्हणते. पाढा ठाम उच्चारांत सहापर्यंत जातो आणि 'एकोणतीस सत्ते दोनशे तेरा'वर घसरतो. कामोठ्याच्या शाळेत तिला गणित मी शिकवले. त्यामुळे ही चूक गावभर दुमदुमते तेव्हा मान मलाच खाली घालावी लागते.

वैशालीचे नियम कडक आहेत. स्पीकरवर कोणी पाण्याचा ग्लास ठेवला, की गाणे बंद. हळदीतील पहिली फर्माईश नवरदेवाच्या आईचीच. "ती सकालपासून उभी हाय, बाई. तिला आधी नाचू द्या." मी आवाजाची तक्रार केली, की उत्तर ठरलेले, "तुमी टेन्शन घेव नका, बेस कमी करते." बेस कमी होत नाही.

सुरुवातीला एका डीजेवाल्याने तिला काम देऊ केले होते. चमचमता ड्रेस घालून पुढे उभे राहायचे आणि हात हलवायचे. गाणी पेन ड्राइव्हवर तयार असतील. "मंग मी कशाला? पुतला ठेव," म्हणून ती निघून आली. त्यानंतर कित्येक महिने तिला कोणी बोलावले नाही.

अखेर कुसुमने मुलाच्या हळदीला तिला बोलावले. कुसुमही माझीच जुनी विद्यार्थिनी, म्हणून मीही तेथे होते. नवरदेवाच्या काकांनी सर्वांसमक्ष विचारले, "पोरगी आली, पन वाजवनारा मानूस कवा येनार?" पोरे हसली. वैशालीने माइक हाती घेतला. तिला 'हॅलो'सुद्धा सुचेना. मग जे तोंडपाठ होते ते तिने सुरू केले. सातावर 'दोनशे तेरा' निघून गेले. तेवढ्यात हळदीने माखलेले हात वर करून कुसुम ओरडली, "दोनशे तीन गो, बाय! आनि भावजी, मानूस आलाय. तुमाला दिसत नाय का?"

बायका हसत उठल्या आणि वैशालीभोवती उभ्या राहिल्या. पुढे त्यांच्या घरच्या हळदी तिलाच मिळत गेल्या. आता प्रत्येक मांडवात, सातावर, बायका एका सुरात 'दोनशे तीन!' ओरडतात. मी ओरडत नाही. विद्यार्थ्याला आयते उत्तर देऊ नये, हे माझे आयुष्यभराचे तत्त्व.

गेल्या महिन्यात एका हळदीला मी फारच लवकर पोहोचले. मांडव रिकामा होता. वैशाली पाठमोरी बसून वायरींना चिकटपट्टी लावत होती आणि पुटपुटत होती, "एकोणतीस सत्ते दोनशे तीन, एकोणतीस अठ्ठे दोनशे बत्तीस..." दहापर्यंत, बिनचूक.

"म्हणजे तुला येतो!" मी म्हणाले.

ती दचकली. मग वायरीकडेच बघत म्हणाली, "येतो ना, बाई. पन लाइट माझ्या डोल्यांवर असतात. समोर कोन हाय ते दिसत नाय. मुद्दाम चुकली ना, की कलतं, आपलं कोनीतरी हाय म्हनून."

संध्याकाळी मांडव भरला, दिवे लागले. "एकोणतीस सत्ते दोनशे तेरा," ती म्हणाली आणि थांबली.

मी खुर्चीवरून उभी राहिले आणि सर्वांच्या आधी ओरडले, "दोनशे तीन!"

स्पीकरमधून आवाज आला, "आल्या माझ्या बाई."

आणि तिने बेस पूर्ण वाढवला.