गोरखच्या केसांचा नवस

मालनबाईंनी नवस केला तेव्हा गोरख घरात नव्हता, आणि साऱ्या घोटाळ्याचं मूळ तेच. असता तर निदान आईच्या तोंडावर हात तरी ठेवता आला असता.

साल एकाहत्तर. पुणतांब्याचा गोरक्षनाथ बी.ए. झाला (तिसऱ्या खेपेला का होईना, झाला) आणि घरी बसला. चार महिने उलटले तरी नोकरीचं नाव नाही. तेव्हा मालनबाई मढीला गेल्या आणि कानिफनाथापुढं पदर पसरून म्हणाल्या, "नाथा, माज्या गोरखला नोकरी लागू दे. लागंस्तवर त्याच्या केसाला कात्री लावनार न्हाई. लागली की समदे केस मुळापासून तुला वाहीन."

आता केस कुणाचे आणि बोलतंय कोण! पण देवाला दिलेला शब्द. गोरखचे केस आधी कानावर आले, मग मानेवर, मग खांद्यावर उतरले. त्यात शहरातल्या पोरांनी हौसेनं केस वाढवायचे ते नेमके हेच दिवस. त्यामुळं मुलाखतीला गेला की साहेब लोक डोक्याकडं बघत आणि अर्जाकडं बघतच नसत. नगरला एकानं विचारलं, "गांजा किती दिवसांपासून?" कोपरगावला फाटकावरच शिपायानं अडवलं, "नाटकमंडळी उद्या यायची हाय, आज न्हाई." संगमनेरहून परतताना तर एसटीत एका म्हातारीनं पाया पडून सून नांदायला कधी येईल ते विचारलं. (गोरखनं "आषाढात" म्हणून सांगून टाकलं. काहीतरी सांगणं भाग होतं.)

"आई, केस कापल्याशिवाय नोकरी मिळत नाही."

"आन नोकरी लागल्याबिगर केस कापायचे न्हाईत."

"मग मी करू तरी काय?"

"नाथावर भरवसा ठीव. आन तेल लाव जरा, झिंज्या झाल्यात."

गावात खुशीत होता तो एकटा बन्सी न्हावी. बलुत्याचं धान्य वर्षाचं ठरलेलं. एक डोकं कमी झालं म्हणून पायलीभर धान्य कमी होत नाही. "घाई करू नगा," असं तो येता-जाता सांगून जाई.

शेवटी युक्ती काढली वडिलांनी, म्हणजे उत्तमरावांनी. श्रीरामपूरच्या एका सहकारी संघातून कारकुनाच्या जागेसाठी बोलावणं आलं, तेव्हा त्यांनी आपला लग्नातला गुलाबी फेटा काढला. पोराचे सगळे केस वर गोळा करून त्यावर तो असा आवळला की गोरखच्या भुवया दिवसभर वरच राहिल्या.

मॅनेजर रंगनाथराव त्याला पाहून खुर्चीतून उठलेच. "वा! सकाळपासून सात झिपऱ्यांना हाकललंय मी. बायकांसारखे केस आणि म्हणे कारकून व्हायचंय! आणि हा बघा, फेटा! लक्षात ठेवा, लांब केसवाला आणि लबाड, माझ्या लेखी दोन्ही एकच."

"होय साहेब," गोरख म्हणाला, आणि कानामागून खाली उतरू पाहणारी बट डोकं खाजवल्यासारखं करून त्यानं आत सारली.

नोकरी लागली! सोमवारी हजर व्हायचं.

शनिवारीच मालनबाई त्याला घेऊन मढीला गेल्या. तिथल्या न्हाव्यानं डोकं साफ केलं आणि तो वस्तरा पुसू लागला.

"आन मिशी?" मालनबाई कडाडल्या. "समदे केस बोलले हुते मी. देवाला अर्धवट चालत न्हाई."

मिशीही गेली. गोरखनं आरशात पाहिलं आणि हबकलाच. उकडलेल्या अंड्याला कान फुटले होते.

सोमवारी तो कचेरीत शिरला आणि साऱ्यांच्या माना वर झाल्या. टाइपरायटर थांबले. डोकं गुळगुळीत, मिशी गायब. याचा अर्थ आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो. रंगनाथराव उठून आले आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"वडील?"

नाही म्हणावं, तर नवस सांगावा लागणार. नवस सांगितला, तर केस निघणार. केस निघाले, तर फेट्याखालचं सगळंच बाहेर पडणार. म्हणजे एकीकडं बाप आणि दुसरीकडं नोकरी. बाप ठणठणीत होता, सकाळीच तीन भाकरी खाऊन मळ्यात गेला होता. नोकरीची तब्येत मात्र फार नाजूक होती. गोरखनं मान खाली घातली.

"अरेरे! आणि तो फेटा... वडिलांचाच होता का?"

"हो साहेब." (त्या दिवसभरात तो तेवढंच खरं बोलला.)

"जा बाबा. तेरा दिवस सगळं नीट उरकून ये. जागा कुठं पळून जात नाही."

घरी येऊन गोरखनं सांगितलं, साहेबांना नवसाचं फार कौतुक वाटलं, तेरा दिवसांची सुट्टी दिली. "देवमानूस हाय," मालनबाई म्हणाल्या.

आता, पुणतांब्याचा गोदाकाठ म्हणजे लांबलांबचे लोक दहाव्याला तिथंच येतात. हे जन्मापासून तिथं राहणाऱ्या गोरखच्या ध्यानात राहू नये, याला काय म्हणावं!

दहावा दिवस उजाडला. नाथाच्या नैवेद्याला घरात पुरणपोळ्या झाल्या होत्या. दाढीचे खुंट वाढले म्हणून बोलावलेला बन्सी ओट्यावर वस्तऱ्याला धार लावत बसला होता. गोरख दुसरी पोळी तुपात बुडवतोय, तोच अंगणातून वडिलांचा आवाज आला.

"गोरख, बघ रं कोन आलंय! तुजं सायेब! घाटावर तुजं नाव घेत कावरेबावरे हिंडत हुते बिचारे. त्यांचे वडील वारलेत वाटतं. रस्ताभर तेच, बाप गेला की छत्र जातं, बाप गेला की छत्र जातं. मी आपला पाठीवरनं हात फिरवत आनलं."

गोरखचा घास जागच्या जागी थांबला. दारात रंगनाथराव उभे. डोळे लाल, हातात रुमाल. आधी त्यांना पुरणाचा वास आला. मग कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून आणि हातभर बांगड्या घालून मालनबाई बाहेर आल्या.

"बसा सायेब, गरम पोळी वाढते."

साहेब कुंकवाकडं बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "गोरक्षनाथ, मला घेऊन आले ते... हे कोण?"

"चुलते," गोरख भरल्या तोंडानं म्हणाला.

"चुलता?" उत्तमराव भडकले. "आरं, केसाबरूबर अक्कल बी वाहिलीस काय नाथाला? बाप हाय मी तुजा! सख्खा!"

साहेब मटकन खाली बसले. मग गोरखनंच सगळं सांगितलं: नवस, फेटा, बट, खाली घातलेली मान. ऐकता ऐकता उत्तमरावांनी आ वासला.

"म्हंजे धा दिस झाले, मी मेलोय? आन मला पत्ताच न्हाई? आरं, पुन्हा मारायचं झालं तर आदी सांगत जा. आंघोळ तरी करून बसतो!"

मालनबाईंनी साहेबांपुढं ताट सरकवलं. दहाव्याला म्हणून बिचारे उपाशीपोटी निघाले होते. खाली मानेनं त्यांनी चार पोळ्या खाल्ल्या, हात धुतले आणि टोपी सारखी केली.

"पोळ्या उत्तम होत्या, वहिनी. नोकरीचं मात्र... कमिटीपुढं ठेवतो. पत्रानं कळवू."

"किती दिस लागत्याल सायेब?"

"कमिटीचं काय सांगावं! सहा महिने, वर्षसुद्धा."

साहेब गेले. गोरखनं आईकडं पाहिलं, तर तिनं डोळे मिटले होते आणि पदर पसरला होता. या खेपेला तो घरात होता. "आई, नको!" म्हणून तो झेपावला, पण हात तुपानं बरबटलेला. "खरकटा हात लावतोस व्हय!" म्हणून मालनबाईंनी तो झटकला आणि पुढं म्हणाल्या, "नाथा, पोराची नोकरी वाचीव. पत्र येईस्तवर त्याच्या एका बी केसाला..."

ओट्यावर बन्सीनं वस्तरा मिटला आणि धोकटी काखेत मारली.

"घाई करू नगा," तो गोरखला म्हणाला.