दिशा हरवली आहे

“चाळीस? अगं, शब्द नेमके पडले ना, तर चारशे माणसं उभी करीन!”

चारकोपच्या उद्यानातल्या बाकावर बसून प्रबुद्ध सोनकांबळे याने ही गर्जना केली, तेव्हा त्याच्या स्वरात आधुनिक कवितेवर एम. ए. केलेल्या माणसाचा विषाद होता आणि छातीत सेनापतीचा दम! समोर मनाली होती, नकाशाधाव मंडळाची चिटणीस. हाती नकाशा आणि होकायंत्र घ्यायचे, वस्तीत लपवलेली केशरी-पांढरी कापडी निशाणे क्रमाने हुडकायची आणि सर्वांत आधी परतायचे, असा हा खेळ. ओरिएंटियरिंग म्हणतात त्याला. डिसेंबरातली विभागीय स्पर्धा चारकोपला मिळणार की मुलुंडला, हे येत्या रविवारच्या सरावधावेवर ठरणार होते. चाळीस नावे नोंदली गेली तर चारकोप; एकोणचाळीस झाली तरी मुलुंड! मागच्या खेपेला नऊजण आले होते, आणि त्यांतले दोघे दवाखान्याचा पत्ता विचारायला.

“तुझं काम एकच,” मनाली म्हणाली. “आगामी कार्यक्रम आणि संधी, असं पत्रक लिही. कधी, कुठे, किती वाजता. संपलं. कविता करू नकोस हां!”

“पत्रकसुद्धा माणसाच्या एकाकीपणाशी बोलू शकतं, मनाली.”

“नको ना यार बोलू देऊस! त्याला फक्त वेळ सांगू दे.”

प्रबुद्धाने पाच दिवस घेतले. अकरा मसुदे झाले. एका स्वल्पविरामापायी गुरुवारचे जेवण राहिले. अखेर शनिवारी सायंकाळी सेक्टरातल्या प्रत्येक सोसायटीच्या फळ्यावर पत्रक झळकले:

*दिशा हरवली आहे.*
*तिला शोधायला या.*
*रविवारी सकाळी सात वाजता, उद्यानाच्या फाटकापाशी.*
*उशीर करू नका. एकेक पाऊल मोलाचे आहे.*

डिसेंबरातली स्पर्धा, स्वयंसेवकांसाठीच्या संधी वगैरे ऐहिक मजकूर त्याने तळाशी मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत टाकला होता. खेळाचे नाव मात्र कुठेच नव्हते. नावाने ओळीची लय मोडत होती!

रविवारी साडेसहालाच मंडळाचे अकरा धावपटू सुटले. मनाली निशाणांवर लक्ष ठेवायला सेक्टरात फिरत होती. वाट विचारण्याची लबाडी नको म्हणून धावपटूंचे फोन काढून घेण्याचा नियम होता. ते सारे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घालून डबा प्रबुद्धाच्या खुर्चीखाली ठेवला होता. त्या अकरांत दिशा परब नावाची एकोणीस वर्षांची चपळ मुलगी होती. राहायला पलीकडच्याच गल्लीत. आईला ‘जरा धावून येते’ एवढेच सांगून ती बाहेर पडली होती. या नावाकडे आपण जरा अधिक लक्ष द्यायला हवे होते, हे प्रबुद्धाला पुढे अर्ध्या तासाने कळले.

विभागीय संघाकडून निरीक्षक म्हणून मार्तंड सर आले होते. गळ्यात शिट्टी, हातात वही, आणि चेहरा असा की हसूसुद्धा अर्ज केल्याशिवाय आत यायचे नाही.

“अकरा,” त्यांनी नोंदले. “मुलुंडला शुभेच्छा.”

आणि नेमक्या सात वाजता गल्ल्यांच्या तोंडातून माणसे येऊ लागली! स्वेटर घातलेले आजोबा, पदर खोचलेल्या बाया, क्रिकेट अर्धवट टाकून आलेली पोरे, गणपती मंडळाचा कर्णा घेतलेला एकजण. प्रबुद्ध खुर्चीतून उठून उभा राहिला. कविता कुणी वाचत नाही, असे कोण म्हणतो? ही पाहा, कविता वाचून चालत आलेली वस्ती!

सोसायटीचे अध्यक्ष जयवंत राणे सर्वांत पुढे होते. त्यांनी रजिस्टरवर घाईने सही ठोकली. “सगळे सह्या करा रे! हां, बोला. दिशा इथूनच हरवली ना?”

“इथूनच असं नव्हे,” प्रबुद्ध सद्गदित होऊन म्हणाला. “सगळीकडूनच. तुमची, माझी, प्रत्येकाची.”

“म्हणजे आणखी पोरी गेल्यात?”

“पिढ्याच्या पिढ्या गेल्या, काका!”

जयवंतरावांनी छातीवर हात ठेवला. “शेवटची कधी पाहिलीस तिला?”

“लहानपणी, अंधूकशी. मग शहर आडवं आलं.”

“वय काय तिचं?”

“दिशेला वय नसतं.”

“आधार कार्ड तर असेल!” मागून कुणीतरी ओरडले.

इकडे मार्तंड सर मोजत होते. एकशे त्रेसष्ट! त्यांच्या ओठांचा डावा कोपरा चक्क एक दोरा वर सरकला. “मुलुंडला हे कधी जमलं नाही,” ते पुटपुटले.

तेवढ्यात गर्दी दुभंगली आणि शेवंतीबाई परब आल्या. दिशाची आई. एका हातात फोन, दुसऱ्यात उलथणे.

“माझां चेडू खंय गेलां रे! धावूक जातंय म्हणान गेलां, आता फोन उचलणा नाय!”

त्यांच्या डोळ्यांतले पाणी पाहून प्रबुद्ध हेलावला. कवितेचा गाभा नेमका या माउलीला भिडला होता! तो काही बोलणार, एवढ्यात शेवंतीबाईंनी पुन्हा फोन लावला आणि त्याच्या खुर्चीखालचा डबा सनईच्या सुरात वाजू लागला.

मग जयवंतरावांनी डबा उघडला.

“अकरा फोन! अरे देवा, अकरा जणं पळवलीत याने!”

शेवंतीबाईंनी प्रबुद्धाची कॉलर धरली. उलथणे त्याच्या नाकासमोर दिव्यासारखे चमकत होते. “खंय ठेवलंस माझ्या दिशाक?”

“काकू, दिशा म्हणजे दिशा नव्हे! ते रूपक आहे!”

“आता हा रूपक कोण?” जयवंतराव कडाडले. “कुठल्या बिल्डिंगमधला? त्यालाही धरा रे!”

कर्णा खरखरला. एकशे त्रेसष्ट माणसे चारकोपभर पांगली. गल्लीगल्लीतून ‘दिशा!’ आणि ‘रूपक, बाहेर ये!’ अशा हाका घुमू लागल्या. जो रूपक साऱ्या पदव्युत्तर वर्गाला धड सापडला नव्हता, त्याला पाण्याच्या टाक्यांमागे, जिन्यांखाली, पिठाच्या गिरणीत शोधण्यात आले! वाटेत केशरी-पांढरे निशाण दिसले की ‘ही टोळीची खूण!’ म्हणत लोक ते उपटून घेत. वीस मिनिटांत बाराच्या बारा निशाणे आणि घामाघूम झालेले अकरा धावपटू फाटकापाशी हजर! दिशाला चौघांनी खांद्यावर घेतले होते आणि ती हातपाय झाडत होती.

“सोडा मला! एकच निशाण राहिलं होतं माझं! मी हरवले नव्हते गं आई, मी जिंकत होते!”

त्यांच्यामागून मनाली धावत आली. पत्रक तिने आत्ताच एका फळ्यावर वाचले होते. “काका, काकू, हा खेळ आहे, खेळ! नकाशा बघून धावायचं, बस! कोणी हरवलं नाही, कोणी पळवलं नाही!” मग ती प्रबुद्धाकडे वळली. “खेळाचं नाव का नाही टाकलंस?”

“लय...” तो म्हणाला.

“वाट लावलीस ना रे!”

मार्तंड सरांनी वहीत शांतपणे एक आडवी रेघ मारली. “मुलगी शोधायला आलेली माणसं खेळाडू धरता येत नाहीत. अकरा.”

प्रबुद्ध खुर्चीत बसला. साऱ्या क्षितिजावर त्याला एकच शब्द दिसत होता, आणि तो मुलुंड होता.

पण शेवंतीबाई निघाल्या नव्हत्या. गटाराच्या कठड्यामागून स्वतः उपटून आणलेले निशाण त्या उलटसुलट करून पाहत होत्या.

“ह्यां मी एकटीन शोधलंय,” त्या म्हणाल्या. “नकाशो नसताना! नकाशो दिलास तर बाराच्या बारा काढीन. पैसे किती?”

“पैसे नाहीत, काकू,” मनाली म्हणाली.

शेवंतीबाईंनी कर्णा हिसकावून घेतला.

“अगो बायांनू, फुकट आसा! येवा!”

फाटकाकडे परत फिरलेल्या माणसांचा लोंढा पाहून मार्तंड सर दोन पावले मागे सरले. रीतसर नोंदणी झाली, मनालीने निशाणे पुन्हा लावली, आणि सत्याण्णव माणसे नकाशे उलटे धरून धावली. विभागीय स्पर्धा चारकोपला मिळाली!

जाताना मार्तंड सरांनी अट घातली. डिसेंबरचे पत्रक शेवंतीबाई सांगतील आणि मनाली लिहून घेईल. प्रबुद्धाचा अगदीच हिरमोड नको म्हणून त्यालाही लेखनाची एक संधी दिली गेली: मैदानावरच्या पाटीवर ‘प्रसाधनगृह’ हा शब्द लिहिण्याची.

शब्दाखालचा बाण मनाली स्वतः काढणार आहे.