दिगूभाईंचा पांढरा

दिगूभाई आमच्या घरी आले की आधी टीव्हीचा रिमोट मागतात. टीव्ही बघायला नव्हे. रिमोटचं मागचं झाकण काढतात, दोन्ही सेल तळहातावर घेतात आणि गळ्यात अडकवलेला मीटर काढून एकेकाला लावून बघतात. तोवर पुढ्यातला चहा निवून जातो. मग मान हलवून म्हणतात, "एक पॉइंट तीन. अजून तरणो आसा." सेल परत जागेवर बसवल्यावर मगच माझ्या बायकोकडे वळून विचारतात, "बरी मगो, नूतन?"

आधी सेलची तब्येत, मग माणसाची. आणि आमची नूतन, जिला मी चहा पिताना पेपर उघडला तरी अपमान वाटतो, ती हसून म्हणते, "बरी आसंय दिगूभाई. रिमोटाचो सेल कसो आसा?"

डिचोली बाजारात माझं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान आहे. सेल विकणं हा माझा धंदा. दिगूभाई दुपारी काउंटरपाशी स्टूल ओढून बसतात आणि नवे सेल मागायला आलेल्या गिऱ्हाइकाला जुने दाखवायला सांगतात. मीटर लावतात. "मेल्लो ना हो. थकला. घड्याळात घाल, आणखी चार म्हयने काडतलो." गिऱ्हाईक त्यांचे आभार मानून, माझ्याकडे न बघता निघून जातं. घड्याळालाही पुरत नाहीत असे सेल दिगूभाई स्वतः खिशात घालतात. वाड्यावरच्या घराघरांत संपलेले सेल टाकायला त्यांच्यासाठी लोणच्याची एक रिकामी बरणी ठेवलेली आहे. माझ्या घरातही आहे. मी नको म्हटलं होतं.

मत्सर हा शब्द जरा पुस्तकी आहे. सरळ सांगतो, दिगूभाईंना बघून माझं पोट दुखतं. ते माझ्याशी कधी वाईट वागले नाहीत, त्यामुळे जास्तच दुखतं.

खाणीच्या वर्कशॉपात त्यांनी सगळी नोकरी काढली. पाण्याचे मोठाले पंप, दगड फोडायच्या यंत्रांच्या मोटारी, हाताच्या मनगटाएवढ्या केबली. खाण बंद झाली, दिगूभाई घरी बसले, आणि त्यांनी जाहीर केलं, "आता तिनाच्या वयर आपूण वचना." तीन म्हणजे तीन व्होल्ट, त्याच्या वर जायचं नाही. घरातला फ्रीज-पंखा सोडला तर ते हात लावतात ती प्रत्येक वस्तू दोन पेन्सिल सेलवर चालते. विजेत जन्म घालवलेला माणूस असा विजेला घाबरून बसला, म्हणून मी दुकानात चारचौघांत हसलोही होतो. माझ्याबरोबर फारसं कोणी हसलं नाही.

दर शुक्रवारी ते म्हापशाच्या बाजाराला जातात. लोक तिथून चोरीसची सॉसेजं आणतात, सुकी मासळी आणतात. हे मोडकी खेळणी आणतात. ती फोडून आतले रंगीत एलईडी काढायचे, पणजीहून मायक्रोकंट्रोलर आणायचा, आणि बाल्कांवात, घरापुढच्या ओट्यावर बसून दोघांचं लग्न लावायचं हा त्यांचा उद्योग. मायक्रोकंट्रोलर म्हणजे आठ पायांची, मुंगळ्याएवढी काळी चिप. कुठला दिवा केव्हा, किती प्रखर लावायचा हे ती दिलेल्या आकड्यावरून ठरवते. काम नसेल तेव्हा झोपते, म्हणजे सेल खर्च होत नाही. एकदा मी त्यांच्या बाल्कांवात जरा मोठ्याने खाकरलो तर दिगूभाई ओठांवर बोट ठेवून म्हणाले, "हळू. निजल्या ती." मला वाटलं त्यांची बायको, शशीवहिनी, झोपल्यात. ते चिपबद्दल बोलत होते.

रंगांचंही त्यांचं एक घरच होतं. लाल एलईडी स्वभावाने गरीब, दोन व्होल्टांत भागवतो. हिरव्याला जास्त लागतं. पण दिगूभाईंचा खरा झगडा निळ्याशी. निळा तीन व्होल्टांच्या खाली डोळा उघडत नाही, आणि यांचे सेल सगळ्यांच्या घरचे थकलेले, दोन मिळून जेमतेम अडीच. "निळ्याचो हात माळ्यार पावना," ते म्हणायचे, "मगे ताका पाट दिवचो पडटा." पाट म्हणजे एक इवलासा कपॅसिटर. चिप तो आधी सेलच्या दाबाने भरून घेते, मग खालून उचलून सेलच्या डोक्यावर चढवते, की दोघांचा दाब एकत्र होऊन निळा पेटतो. हे सेकंदाला हजारो वेळा. मी डिप्लोमा केलेला माणूस. मला हे पुस्तकात कळलं नव्हतं ते त्यांच्या पाटावर बसून कळलं, याचाही मला राग आला.

पुढे तर वाड्यावर ते वाक्यच झालं. कुणाचं काम अडलं की लोक म्हणायचे, "निळ्याक पाट दी रे." आमची नूतनसुद्धा. मी बावीस वर्षं विजेचं दुकान चालवतोय, माझं एकही वाक्य कुणाच्या तोंडी नाही.

तरी एक गोष्ट माझी होती. आमच्या देवळाच्या मंडपात दिवाळीआधी आकाशकंदिलांची स्पर्धा होते. बांबूच्या काड्या आणि पतंगी कागदाचा कंदील, आत साधा पिवळा दिवा. गेली सात वर्षं पहिला नंबर माझा. दुकानात काउंटरच्या मागे, गिऱ्हाइकाची नजर पडेल अशा उंचीवर, सात ढाली ओळीने लावल्या आहेत. तिथे दिगूभाईंचा मीटर चालत नव्हता.

यंदा दिगूभाईंनी नाव दिलं.

हे मला नूतनने सांगितलं, तेही ताटात आमटी वाढता वाढता. दिगूभाई पांढराशुभ्र कंदील करतायत, शशीवहिनींनी स्वतः कागद कापलाय, आत लाल-हिरवा-निळा मिळून पांढरा उजेड, सगळा दोन सेलांवर. वायर नाही, काही नाही. "कितें सुंदर दिसतलो गो बाय," ती आपल्याशीच म्हणाली. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी, तिन्हीसांजेला, मी त्यांच्या घरी गेलो. कारण सांगायला सोल्डरची तार नेली होती. खरं म्हणजे हेरगिरीच. बाल्कांवाच्या कडीला कंदील टांगलेला. त्याच्याखाली कदेलवर, म्हणजे लाकडी खुर्चीवर, शशीवहिनी बसलेल्या, वर तोंड करून. आणि कंदील बघून, देवाशपथ सांगतो, माझ्या जिवात जीव आला.

तो निळा होता. पांढरा नव्हताच. धोतराला नीळ जास्त पडावी तसा. इतकी मेहनत करून दिगूभाईंचं रंगांचं प्रमाण सपशेल चुकलं होतं. निळ्याला पाट देता देता त्यांनी त्याला डोक्यावरच बसवलं होतं. परीक्षक शाळेचे चित्रकलेचे मास्तर, त्यांना हे पहिल्या नजरेत दिसणार होतं.

दिगूभाई आतून हात पुसत आले. माझ्याकडे बघितलं, वहिनींकडे बघितलं आणि विचारलं, "सांग रे मोहना. कसो दिसता?"

वहिनीही माझ्या दिशेने वळल्या. सकाळपासून चार माणसं येऊन गेली होती, असं पुढे कळलं. चौघांनीही निळा म्हटलं होतं.

मी खरं सांगायला हवं होतं. चिपमधला निळ्याचा आकडा कमी करायला त्यांना पाच मिनिटं लागली असती. पण माझ्या डोळ्यांपुढे आठवी ढाल आली, आणि मी म्हणालो, "पांढरो. एकदम शुभ्र. कायेक बदलू नकात."

वहिनींनी कदेलच्या पाठीला मान टेकली. दिगूभाई माझ्याकडे बराच वेळ बघत राहिले. माझी चोरी पकडली गेली असं वाटून मी सोल्डर तिथेच मेजावर ठेवून निघालो. वाटेत मात्र पाय हलके होते, खोटं कशाला बोलू.

स्पर्धेत पहिला माझा नंबर आला. मास्तरांनी दिगूभाईंच्या कंदिलाखाली उभं राहून मान तिरकी केली, निळसर झाक फार आहे म्हणाले आणि पुढे सरकले. दिगूभाई मंडपाच्या खांबाला टेकून हसत होते. हरलेल्या माणसाने इतकं बरं दिसू नये. वहिनी आल्या नव्हत्या. मी ढाल घेऊन घरी आलो, नूतन "वा" म्हणाली आणि तिने विचारलं, "दिगूभाईंक कितें मेळ्ळें?"

दिवाळीच्या सकाळी आमच्याकडे एकमेकांच्या घरी पोहे खायला जायचं असतं. दिगूभाईंचं बोलावणं टाळता येणं शक्य नव्हतं. गेलो. शशीवहिनींनी पाच तऱ्हेचे पोहे केले होते, गुळाचे, दुधाचे, ताकाचे, नारळाच्या रोसाचे, तिखट. त्या वाढताना मी पहिल्यांदा नीट बघितलं. डाव्या हाताच्या बोटांनी पानाची कड चाचपायच्या आणि मग उजव्या हाताने वाढायच्या. जनेलापाशी गेल्या तर आधी हाताने खिडकीची चौकट शोधली. समोरासमोर राहतो आम्ही, आणि मला हे ठाऊक नव्हतं. माझी नजर कायम त्यांच्या नवऱ्यावर.

वहिनी म्हणाल्या, "मोहन, सगळीं निळो म्हणून गेलीं. माका वाटलें, माझे डोळे पुराय गेले. तू पांढरो म्हणालास तेव्हा जीव थंड झालो बाबा. तुझे डोळे माझ्यासारके."

मी पानातले गुळाचे पोहे भराभर संपवले.

दिगूभाईंनी मला हात धुवायच्या निमित्ताने मागल्या दारी नेलं. नळ सोडला आणि त्या आवाजात म्हणाले, "त्या दिसा तू फट मारलीस."

फट म्हणजे थाप. मी हात नळाखाली धरले.

"निळो दिसता तो. माका दिसना काय?" मग त्यांनी सांगितलं. वहिनींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. साखर खाली येत नाही म्हणून डॉक्टर ऑपरेशन पुढे पुढे ढकलतायत. त्यांना सगळं जग पिवळं दिसतं. भात पिवळा, धुतलेली चादर पिवळी, चांदणं पिवळं. पेडण्याला माहेरी त्या दर दिवाळीला पांढरा कंदील करायच्या, तसला एक तरी परत बघायचा होता. म्हणून दिगूभाईंनी त्यांना समोर बसवलं आणि निळा वाढवत गेले, त्या "आता पांढरो" म्हणेपर्यंत. घरातल्या बाकीच्या दिव्यांचंही गेली दोन वर्षं हेच, दर दोन महिन्यांनी परत विचारायचं, परत थोडा वाढवायचा.

आणि तीन व्होल्ट? वहिनी आता हातांनी बघतात. दिसलं नाही की चाचपतात. मागे गणेशचवथीला दिव्यांच्या एका माळेच्या सोललेल्या वायरीवर त्यांचा हात पडला होता, बोटं अजून बधिर आहेत. तेव्हापासून या घरात दिगूभाईंच्या हातचं जे काही पेटतं ते वहिनींनी मुठीत धरलं तरी चालेल असं असतं. ती माळ कुठल्या दुकानातली होती हे मी विचारलं नाही.

"दोन वर्सांमागे निळ्याचो आकडो एकशें साठ आसलो," दिगूभाई म्हणाले. "आता दोनशें चाळीस. ह्या चिपांत दोनशें पंचावनच्या फुडें आकडो ना."

"मगे?"

"मगे तांबडो आणि हिरवो उणो करतलों. उजवाड थोडो कमी जातलो. पूण तिका पांढरो दिसतलो."

गळ्यातला मीटर त्यांनी उगाचच सरळ केला. कंदील का हरला म्हणून वहिनींनी विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं होतं की काड्या आपण वाकड्या बसवल्या. मग माझ्या खांद्यावर ओला हात ठेवून म्हणाले, "चार जाणांनी तोंडार निळो म्हणलें. तुका एकट्याक समजलें. मी तुका कधी सांगूंक ना, तरी तुका समजलें."

आता खरं सांगायची वेळ होती. मी सांगितलं नाही. नळ बंद केला आणि आत जाऊन रोसाचे पोहे आणखी मागून घेतले.

संध्याकाळी मी आमच्या अंगणात उभा राहिलो. वर माझा पहिल्या नंबराचा कंदील, समोरच्या बाल्कांवात त्यांचा. वहिनी कदेलवर उभ्या राहून दोन्ही हातांनी तो चाचपत होत्या, दिगूभाईंनी खालून कदेल घट्ट धरून ठेवली होती. माझं पोट त्या दिवशी जितकं दुखलं तितकं आयुष्यात कधी दुखलं नव्हतं, आणि ते कंदिलासाठी मुळीच नव्हतं.

नूतन कपडे काढायला बाहेर आली. मी विचारलं, "आमचो कंदील तुका कसल्या रंगाचो दिसता?"

"कशाक विचारतात?" ती चिमटे काढता काढता म्हणाली. "ढाल मेळ्ळी मां तुमकां?"

कपडे घेऊन ती आत गेली. तिच्या डोळ्यांना निळा किती लागतो, मला ठाऊक नाही.