ग्राहकास येणारा आवाज

तक्रार निवारण कक्षाच्या उपसंचालकांनी आपल्या गाडीच्या इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोचा दाब वाढवून घेतला, त्याला सबळ कारण होतं. सिग्नल सुटला की त्यांच्याच हाताखालच्या वरिष्ठ लिपिकाची गाडी त्यांच्या पुढे निघून जात असे आणि हे सेवाज्येष्ठतेच्या नियमांत बसत नव्हतं. एका ट्यूनरने लॅपटॉप जोडून तासाभरात गाडीची ताकद दीडपट केली. दुसऱ्या दिवसापासून लिपिक नियमानुसार मागे राहू लागला.

आठवडा गेला आणि चढावर जोर दिला की बॉनेटखालून आवाज येऊ लागला, पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा. बायको म्हणाली, "दाब वाढवल्यापासून येतोय. पहिल्यासारखा करून घ्या." तांत्रिक बाबतीत घरच्यांचं मत ग्राह्य धरण्याची पद्धत नसल्यामुळे साहेब अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले.

तिथल्या सल्लागार बाईंनी गाडीला कॉम्प्युटर लावला. एकही दोष सापडला नाही. असा आवाज ऐकून इंजिनाला आवरणारा एक सेन्सर असतो. तो सारखा आडवा येतो म्हणून ट्यूनरने त्याचे कान आधीच बंद केले होते. बाईंनी फॉर्मवरचं 'इंजिनातून आवाज येतो' हे वाक्य खोडून 'ग्राहकास आवाज येतो' असं लिहिलं. साहेबांना ही दुरुस्ती मनापासून आवडली. त्यांच्या कक्षात निम्म्या तक्रारी अशाच निकाली निघत.

गाडीत दोष नाही म्हटल्यावर तो ग्राहकात शोधणं क्रमप्राप्त होतं. बाईंनी कान तपासल्याचा दाखला मागितला. कानाच्या डॉक्टरांनी साहेबांची श्रवणशक्ती उत्तम असल्याचं लिहून दिलं. दाखला वाचून बाई गंभीर झाल्या.

"म्हणजे तुम्हाला प्रमाणापेक्षा जास्त ऐकू येतंय."

त्यावर उपाय होता. इंजिन आणि बैठक यांच्यामध्ये आवाज अडवणारं जाड अस्तर बसवण्यात आलं. आवाज थांबला. तक्रार बंद झाली आणि साहेबांनी 'अत्यंत समाधानी' या चौकोनात खूण केली.

बायको मात्र समाधानी नव्हती. काच खाली केली की तिला ते खडे ऐकू येत. तिने त्यांना हाताला धरून एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेलं. त्याने चढावर एक चक्कर मारली, मग स्पार्क प्लग काढून उजेडात धरला. त्याच्या पांढऱ्या भागावर बारीक चकचकीत ठिपके होते.

"हा तुमचा पिस्टन," तो म्हणाला. "जरा जरा करून इथे येऊन बसतोय. आत पेट्रोल पाळीची वाट न बघताच पेटतंय. दाब उतरवा, साहेब. नाहीतर भोक पडेल."

साहेबांनी हे लेखी मागितलं. मेकॅनिकने कॅलेंडरच्या फाटक्या पानामागे 'दाब कमी करणे' असं लिहून दिलं. त्यावर शिक्का नव्हता की जावक क्रमांक नव्हता. साहेबांनी तो कागद नियमाप्रमाणे फाईलला लावला आणि दाब होता तिथेच ठेवला.

पुढच्या महिन्यात सासऱ्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. त्यांना आणि बायकोला घेऊन जाताना दवाखान्याच्या अलीकडच्या चढावर साहेबांना आरशात लिपिकाची गाडी दिसली. त्यांचा पाय आपसूक खाली गेला. गाडीच्या आत शांतता उत्तम होती. मग खालून एक धक्का बसला, गाडी जागीच थांबली आणि पुढची काच धुराने पांढरी झाली.

"धुकं पडलंय का गं?" मागच्या सीटवरून सासऱ्यांनी विचारलं.

"हो, बाबा," बायको म्हणाली.

लिपिकाने अदबीने गाडी थांबवली, सासऱ्यांना हात देऊन आपल्या गाडीत बसवलं आणि बायकोसह वेळेत दवाखान्यात पोचवलं. ऑपरेशन व्यवस्थित झालं. इकडे साहेब रस्त्यावर एकटेच उभे राहिले. चढावरचे दुकानदार बाहेर आले. महिनाभर रोज सकाळी हा आवाज ऐकतोय, असं त्यांनी एकमुखाने सांगितलं. गाडी कामातून जाणार हे पानवाल्यालासुद्धा ठाऊक होतं.

"मग सांगितलं का नाही?" साहेबांनी विचारलं.

"कधी जाते ते बघत होतो," पानवाला म्हणाला.

साहेबांना त्याचा फार राग आला. वाचकहो, तुम्हालाही आला असेल. पण दाब उतरवायला हवा हे तुम्हाला दुसऱ्याच परिच्छेदात कळलं होतं, आणि तरी तुम्ही इथपर्यंत आलात ते काही गाडी वाचवायला नाही.