तांबडीचे नव्या चाकाची हकीकत

श्रीगजवदन प्रसन्न होवो, लेखणीस धार आणि लिहिणारास धीर देवो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष मास, ते समयी अमुक एका राज्याचे धनी श्रीमंत हैबतराव, अंगाने भारदस्त आणि मिजाशीने हळवे, आपले कुटुंब मैनाऊसाहेब यांसह सुखाने राज्य करीत होते. सुखाने म्हणजे हुजूर सुखाने, बाईसाहेबांचे तसे नव्हते. कारण पागेत तीर्थरूपांचे अमदानीतील एक दोन आसनी स्पोर्ट्स कार होती, छप्पर मागे दुमडते ऐसी, तीस सारे राज्य तांबडी म्हणे. दर रविवारी सकाळी हुजूर तीस घेऊन घाट चढोन जात आणि शेजारचे आसनावर हत्यारांची लोखंडी पेटी बसे. लग्न नवे होते तेव्हा तेथे मैनाऊसाहेब बसत. पुढे एकदा तांबडी घाटात बंद पडली, पेटी जवळ नव्हती, मग हुजुरांनी हुकूम केला की उद्यापासून पेटी बरोबर असावी, आणि ती बसली ती बसलीच. हे शल्य बाईसाहेबांचे काळजात राहिले, आणि बोलून दाखविण्याची सोय नव्हती, कारण लोखंडी पेटीचा हेवा वाटतो हे कोणत्या तोंडाने सांगावे.

त्या साली तांबडीचे स्टिअरिंगचे चाक उन्हाने तडकले, हातास काळे लागो लागले, आणि एका वळणावर कडेचा तुकडाच निघोन हुजुरांचे मुठीत आला. मग राज्यात एकच आकांत जाहला. हुजुरांस अन्न गोड लागेना, खलबते बसली, आणि एक मानकरी म्हणाले की लाकडी चाक घ्यावे, शोभा येते, तर दुसरे म्हणाले की हातास घाम आला म्हणजे लाकूड निसटते, चामडे बरे. कोणी म्हणाले, लहान चाक रुबाबदार दिसते, आणि कोणी म्हणाले की लहान चाकाआड वेगाचा काटा दडतो, आणि जुन्या गाडीचे चाक वळविता वळविता खांदे निखळतात. मग हुजुरांनी तीन चाके वाड्यावर मागविली आणि मैनाऊसाहेबांनी स्वहस्ते भरलेल्या उशांवर मांडिली. संध्याकाळी एकेक चाक मांडीवर घेऊन, डोळे मिटोन, बसल्या जागी घाट चढो लागले. बाईसाहेब चहा घेऊन गेल्या तो हुजूर डावीकडे कललेले. त्यांनी विचारिले की कोठवर पोचणे जाहले, तर हुजूर म्हणाले, "बोलू नका, वळण अवघड आहे."

बाईसाहेबांचे अंगाची लाही लाही जाहली. ज्या पुरुषाने भाचीचे लग्नात आणिलेल्या बांगड्या हातात चढेनात आणि एक चढली ती साबण लावोन काढावी लागली, तोच आता चाकाची जाडी बोटांनी चाचपतो आणि सूतभर चूक सोसत नाही. सवत असती तर झिंज्या उपटता आल्या असत्या, हिच्याशी भांडावे तर ही हॉर्नशिवाय दुसरे उत्तर देत नाही, ऐसे मनी आणोन त्या फार कष्टी जाहल्या.

अखेर मसलत ठरली की चाक मध्यम आकाराचे आणि चामडे मढविलेले घ्यावे. तांबडीची देखभाल करणारे नूर उस्ताद यांनी निरोप धाडिला की चामड्याखाली भर किती घालावी हे चालविणाराचे मुठीवर ठरते, सबब बोटे अंगठ्यास भिडवून आतील घेराचा दोरा पाठवावा. हुजुरांनी दोरा घेतला, दोन्ही टोकांस गाठी मारिल्या, तबकात ठेविला आणि स्नानास गेले. इतक्यात बाईसाहेब आल्या, आपली मूठ वळोन पाहिली, तो दोरा चांगला दोन बोटे अधिक. मग कातर आणिली. मनात आले की चाक बारीक येईल, हुजुरांचे बोटांस रुतेल, तांबडीवरून जीव उडेल आणि रविवार पुन्हा आपला होईल. मग आपले मुठीबरोबर दोरा कापिला आणि गाठ होती तैसी मारोन ठेविली.

चाक आले, बसविले, हुजूर पागेत गेले. बाईसाहेब वरचे खिडकीत उभ्या. हुजुरांनी मूठ धरिली, सोडिली, पुन्हा धरिली, आणि वर पाहोन त्यांस खाली बोलाविले. त्या चेहरा सावरीत गेल्या, तो हुजूर पेटी मांडीवर घेऊन शेजारचे आसनी बसलेले. म्हणाले, चालविणाराचे जागी बसावे आणि चाक धरावे. बाईसाहेबांनी धरिले, आणि बोटे अंगठ्यास नेमकी भिडली.

हुजूर म्हणाले, "उस्तादांनी दोरा पाहताच कळविले होते, ही मूठ आपली नव्हे."

बाईसाहेबांनी मान खाली घालोन विचारिले, "मग आपण काय सांगितले?"

"म्हणालो, ज्याची मूठ आहे त्याचेच चाक करा."

तेव्हा मैनाऊसाहेबांस रडू आवरेना, आणि इतकी वर्षे या पेटीवर जळत होते हे त्यांनी स्वमुखे कबूल केले. मग डोळे पुसोन गाडी सुरू केली आणि घाटास लागल्या. चाक जड, खांदे भरोन आले, पहिले वळण भीत भीत घेतले, दुसरे बरे घेतले, आणि तिसऱ्या वळणावर शेजारी हुजूर बसले आहेत हेच विसरल्या.

पुढले रविवारी हुजुरांनी फार अदबीने विनंती केली की एक वळणभर आम्हांस द्यावे. बाईसाहेब रस्त्यावरून नजर न काढिता म्हणाल्या, "आपली मूठ बसावयाची नाही."

येणेप्रमाणे तांबडीस चाक मिळाले, बाईसाहेबांस तांबडी मिळाली, आणि राज्यात जो मत्सर होता तो शेजारचे आसनावर जाऊन बसला. हुजूर चाकाकडे पाहोन सुस्कारे टाकितात, आणि इंजिनाचे आवाजात बाईसाहेबांस ते ऐको येत नाहीत. पाहिले तैसे लिहिले, पदरचे काही घातले नाही.